हानाताईंचं ‘आपण’

अमेरिकेतल्या नोव्हाय गावातली मराठी माणसं वाईट नाहीत, हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे वाचताना तसं वाटणार नाही. बर्फात कुणाची गाडी रुतली तर चार जण फावडी घेऊन धावतात. बाळंतिणीच्या घरी महिनाभर डबे पोचतात. मी ते डबे खाल्लेत आणि केलेतही. तरी गेल्या वर्षी जूनमध्ये या भल्या माणसांनी हानाताईंना नाही म्हटलं. पाच जणांची समिती होती, तीन हात वर झाले, आणि त्या तिघांत मी होते. म्हणून हे मीच लिहायला हवं. दुसरं कुणी लिहिलं तर ते माझी बाजू घेऊन लिहील, आणि माझी बाजू घेण्यासारखी नाही.

हानाताई म्हणजे हानेलोरे ब्रिंकमान. जन्म १९४६चा, जर्मनीतल्या कासेल शहराजवळच्या एका गावातला. वडिलांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका, मृत्यूची कार्डं, चर्चचं महिन्याचं पत्रक, असलं काम. बाराव्या वर्षी ही मुलगी छपाईचे खिळे जुळवायला बसली. “माझ्या वडिलांनी मला एकच गोष्ट शिकवली,” त्या सांगायच्या, “मेलेल्या माणसाचं नाव चुकवायचं नाही. तो तक्रार करत नाही म्हणून.”

नवरा, डीटर, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. कंपनीने १९७४ साली त्याला पुण्याला पाठवलं. बाकीच्या जर्मन बायका क्लबात पत्ते खेळायच्या. हानाताई अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यात शिरल्या आणि खुणांनी विचारलं, की मी इथे बसू का. तिथल्या म्हाताऱ्या कंपोझिटरने त्यांना देवनागरीचे खिळे ओळखायला शिकवलं. खिळ्यावर अक्षर उलटं असतं. त्यामुळे त्यांना मराठी आधी उलटी वाचता आली, मग सुलटी. नऊ वर्षं त्या तिथे होत्या. पुढे डीटरची बदली डेट्रॉइटकडे झाली आणि दोघं मिशिगनला आली. मूलबाळ नव्हतं. १९९९मध्ये डीटर गेला. भाच्यांनी परत बोलावलं, तर म्हणाल्या, तिथे आता माझ्याशी मराठीत कोण बोलणार. भाच्यांना हा विनोद वाटला.

त्यानंतर त्यांनी घराच्या बेसमेंटमध्ये ‘ठळक प्रकाशन’ काढलं. नावाप्रमाणेच सगळं ठळक: अठरा पॉइंटचा टाइप, भरपूर मोकळी जागा, हलका कागद. मुलांकडे सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांना चष्म्याशिवाय वाचता यावीत अशी पुस्तकं. आणि लिहिणारेही तेच आईवडील. कुणी धरणाच्या कामावरच्या आठवणी लिहिल्या, कुणी तिसऱ्या इयत्तेला तीस वर्षं शिकवल्याच्या. एकूण तेवीस पुस्तकं निघाली. खपली किती ते विचारू नका. पण ज्याचं पुस्तक निघालं तो माणूस भारतात परत जाताना ते हातातल्या पिशवीत ठेवायचा, चेक-इनच्या बॅगेत नाही.

मी इथे आले २००४मध्ये. नागपूरला शाळेत मराठी शिकवत होते, एम.ए., बी.एड. नवरा गुरुदत्त गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत लागला आणि मी त्याच्या मागून आले, अशा व्हिसावर की ज्यात नोकरी करायची परवानगी नसते. सकाळी तो गेला की घरात मी, फ्रिजचा आवाज आणि खिडकीबाहेरचा रिकामा रस्ता. एकदा गावातल्या लायब्ररीच्या फळ्यावर हाताने लिहिलेली मराठी चिठ्ठी दिसली: ‘मुद्रितं तपासायला माणूस हवा. ऱ्हस्व-दीर्घ येत असेल त्यांनीच यावं.’ मला वाटलं, कुणीतरी खडूस पुणेरी काका असणार. दार उघडलं ते साठीच्या आसपासच्या उंच, पांढऱ्या केसांच्या बाईंनी. त्यांनी मला एक पान दिलं. त्यात अकरा चुका होत्या. मी आठ काढल्या आणि वर ऐकवलं, की मी एम.ए. आहे. “मग आठ ठीक आहेत,” हानाताई म्हणाल्या.

त्या दिवशी मी रागाने घरी आले आणि दुसऱ्या दिवशी दहाला परत गेले. दहा म्हणजे दहा, दहा वाजून पाच मिनिटंसुद्धा नाही. या परक्या गावात कुणीतरी माझी वाट बघतंय, हे मला त्या घड्याळाने कळलं. नोकरी नव्हती, पगार नव्हता, पण मी पुन्हा माणसात आले. हे उपकार आहेत, आणि मी ते विसरले नव्हते, हेच तर वाईट आहे.

आता ‘आपण’ची गोष्ट.

२००६च्या जानेवारीत माझ्या सासूबाई आल्या, शरयूबाई. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं ऑपरेटर. सारा जन्म लोकांशी बोलण्यात गेलेली बाई, आणि इथे बर्फाच्या खिडकीशी शाल गुंडाळून गप्प. आठवडाभरात त्यांचा आवाजच बसला. मी हानाताईंना सहज बोलले, तर त्या त्याच दुपारी मुद्रितांचा गठ्ठा घेऊन आमच्या घरी हजर. सासूबाईंसमोर बसून त्यांनी वाचायला सुरुवात केली. उच्चार ऐकून सासूबाई आधी हसल्या, मग चुका सुधारायला लागल्या, आणि तासाभरात त्यांचा एक्स्चेंजमधला खणखणीत आवाज परत आला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी हानाताई स्वयंपाकघरातून ट्रे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “शरयूबाई, आता आम्ही चहा पिऊ.”

“प्या की,” सासूबाई म्हणाल्या. “आणि मी काय नुसती बघत बसू?”

हानाताई ट्रे धरून तशाच उभ्या. मराठीत इतकी वर्षं घालवून ही एक गोष्ट त्यांच्या हातून कायम निसटायची. जर्मनमध्ये एकच शब्द, इंग्रजीतही एकच. सासूबाईंनी त्यांना बसवलं आणि सांगितलं, “हे बघ हाना, आम्ही म्हटलंस की मी बाहेर. आपण म्हटलंस की मी आत. इतकं सोपं आहे.”

हानाताईंनी कानामागची लाल पेन्सिल काढून गठ्ठ्याच्या कडेला ते लिहून घेतलं. मग विचारलं, “एवढ्या लहान शब्दाने माणूस बाहेर ठेवता येतो?”

“येतो की,” सासूबाई म्हणाल्या. “रोज ठेवतो आम्ही.”

सासूबाई एप्रिलमध्ये परत गेल्या, जाताना ‘ठळक’ने काढलेलं त्यांचं टेलिफोन एक्स्चेंजवरचं पुस्तक हातातल्या पिशवीत. पण हानाताईंच्या डोक्यात ते घर करून बसलं. आणखी अशा किती बायका खिडकीशी बसल्या असतील? त्या सुपरमार्केटमध्ये, देवळात, मुलांच्या बसथांब्यावर म्हाताऱ्या माणसांना गाठून विचारायला लागल्या. २००८मध्ये संस्था रजिस्टर झाली. काम एकच: आठवड्यातून दोनदा, दोन तास, वयस्कर माणसाच्या घरी जाऊन त्याच्या भाषेत वाचून दाखवायचं. नाव ठेवलं ‘आपण’. बँकेतली बाई त्याला ‘ए पॅन’ म्हणायची, जणू आम्ही तवे विकतो.

संस्थेची घटना हानाताईंनी आधी मराठीत लिहिली. पहिलं वाक्य होतं: ‘ही संस्था आपल्या वयस्कर माणसांसाठी आहे.’ ‘आपल्या’खाली दोनदा लाल रेघ. चूक म्हणून नाही, अभिमानाने. वकिलाला इंग्रजी हवं होतं. ते मी केलं. आपल्याचं ‘अवर’ झालं. दुसरं काय होणार? त्या क्षणी त्या शब्दाच्या दाराची किल्ली कुणाच्याही हातात गेली, हे माझ्या लक्षात आलं नाही. मी एम.ए. आहे.

दहा वर्षं उत्तम चाललं. संस्था मोठी झाली, समिती झाली, आणि समितीवर देवदत्त आला. देवदत्त सॉफ्टवेअरमधला, हुशार, हसतमुख, आणि प्रत्येक गोष्टीची स्लाइड करणारा. त्याने वाचकांचं वेळापत्रक लावलं, टीशर्ट छापले. हे सगळं गरजेचं होतं, मी नाही म्हणत नाही. २०१९मध्ये त्याने हळूच एक विषय काढला. हानाताईंच्या शेजारी एक पोलिश आजी राहायची, डोळे अधू झालेली. हानाताई संस्थेच्या वेळात तिलाही वाचून दाखवत. देवदत्तचं म्हणणं, आपले वाचक कमी, यादी लांब, एक मोठी देणगी मिळायची आहे आणि देणाऱ्यांना नियम स्पष्ट हवेत. तेव्हा ‘अवर एल्डर्स’ म्हणजे कोण ते लिहून टाकू. भारतीय वंशाचे. बस, दोन शब्दांची दुरुस्ती.

चिटणीस मी होते. ती दुरुस्ती मी टाइप केली आणि सहीसाठी हानाताईंकडे नेली. तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या मधोमध अंधार साचायला लागला होता. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. ज्या बाईने आयुष्यात एक ओळ न वाचता सोडली नाही, तिने विचारलं, “तू वाचलंस ना?” मी म्हटलं, हो. “मग झालं,” म्हणून त्यांनी सही केली. मी त्यांना नीट वाचून दाखवायला हवं होतं. घाई होती असंही नाही. मला फक्त वाद नको होता.

पुढच्या वर्षी त्यांनी समिती सोडली. मग ‘ठळक’ बंद पडलं. लाल पेन्सिल तेवढी कानामागे राहिली, उगीच. मला एव्हाना काम करायची परवानगी मिळून बरीच वर्षं झाली होती. शाळेत नोकरी, घराचे हप्ते, मुलीचं कॉलेज. मी महिन्यातून एकदा जायचे, कधी दोन महिन्यांतून.

गेल्या वर्षी मे महिन्यात संस्थेकडे एक अर्ज आला. ओळी तिरप्या, एकमेकींवर चढलेल्या, न बघता लिहिलेल्या. ‘नाव: हानेलोरे ब्रिंकमान. वय: ७८. भाषा: मराठी. वार: मंगळवार, शुक्रवार. आवडीचा विषय: काहीही चालेल, पण शुद्ध.’ फोन नाही, ओळख नाही, ‘उल्का, जरा बघ ना’ असा मला निरोप नाही. कुठल्याही म्हाताऱ्या माणसासारखा साधा अर्ज करून त्यांनी रांगेत नंबर लावला होता. मला तो वाचून इतका आनंद झाला की मी शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहिले.

जूनच्या पहिल्या रविवारी देवदत्तच्या घरी बैठक झाली. पोहे होते, आणि चांगले होते. अर्जाचा विषय निघाला तेव्हा सगळे आधी हळहळले. मग देवदत्तने नियम वाचला. कुणीतरी म्हणालं, पण त्यांनीच तर संस्था काढली. त्यावर दुसरं कुणी म्हणालं, त्यांची माणसं असतीलच की इथे, जर्मन क्लब वगैरे. त्यांची माणसं! पन्नास वर्षं मराठीत काढल्यावर त्यांची माणसं कोण, ते शोधायला आता जर्मन क्लबात जायचं होतं.

मी म्हटलं, हे बरोबर नाही.

“इमोशनल होऊ नकोस यार उल्का,” देवदत्त म्हणाला. “मलाही वाईट वाटतंय. पण आज एक्सेप्शन केलं की उद्या कुणाला नाही म्हणणार? रूल इज रूल. आणि त्यावर त्यांचीच साइन आहे.”

मग तो जरा माझ्याकडे वळला. त्या भागात मंगळवार-शुक्रवारची एकच वाचक मोकळी होती, सावनी नावाची डेट्रॉइटला शिकणारी मुलगी. आणि यादीत हानाताईंच्या लगेच मागचा नंबर होता माझ्या आईचा. सुमित्रा देव, वय ८१, जुलैत येणार, सहा महिने. “त्यांच्यानंतर तुझ्या आईचा नंबर आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “विचार कर.”

मी विचार केला. आई दिवसभर एकटी, मी शाळेत, गुरुदत्त कामावर. सासूबाईंची ती खिडकी मला आठवली. हानाताईंचं काय, त्या इथल्याच आहेत, त्यांना इंग्रजी येतं, रेडिओ ऐकतील. माणूस स्वतःला किती पटकन पटवतो. दोन हात वर होते, दोन नव्हते. मी माझा वर केला. माझ्या हातात पोह्यांचा चमचा होता. तो खाली ठेवायचंही मला सुचलं नाही.

नकाराला जोडून समितीने एकमताने दुसरा ठराव केला: गणपतीच्या कार्यक्रमात हानाताईंचा सत्कार, शाल, श्रीफळ आणि काचेचं मानचिन्ह. अक्षरं मोठी घ्या, त्यांना दिसत नाही, असंही कुणीतरी सुचवलं. नकार आणि सत्कार एकाच कागदावर जाणार होते, आणि तो कागद लिहायचं काम चिटणिसाचं, म्हणजे माझं. अर्जाचं उत्तर लेखी आणि मराठीतच द्यायचं, हा हानाताईंचाच नियम. तो कुणी बदलला नव्हता. ते पत्र मी तीनदा लिहिलं. भाषा चांगली उतरली, हे सांगायला मला लाज वाटते.

पत्र टाकलं, पण त्यांना आधी फोन केला नाही. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. “उल्का, संस्थेचं पाकीट आलंय. वरचं चिन्ह बोटाला लागतं. वाचायला येतेस?”

त्यांच्या घरी ते पत्र वाचून दाखवणारं कुणी नाही, ही साधी गोष्ट आमच्या पाचही जणांच्या डोक्यात आली नव्हती. म्हणूनच तर त्यांनी अर्ज केला होता.

मंगळवारी शाळा सुटल्यावर गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकीट कडेला कड लावून ठेवलेलं. त्यांनी केस विंचरले होते, गळ्यात निळा स्कार्फ. त्यांना वाटलं होतं, वाचक कोण येणार आणि कधी येणार, ते त्यात लिहिलं असेल. त्यांनी विचारलंसुद्धा, मुलगी असेल का मुलगा. मी पाकीट फोडलं आणि वाचायला लागले.

“आदरणीय हानाताई, आपल्या अर्जाबद्दल आभार. आम्हांला कळवण्यास अत्यंत खेद होतो, की संस्थेच्या नियमांनुसार...”

शेवटपर्यंत वाचलं. वंशाचं कलम वाचलं, सत्काराचा परिच्छेद वाचला, खाली माझं नाव वाचलं. सोळा वर्षांत त्यांच्या संस्थेने त्यांना वाचून दाखवलेला हा पहिला मजकूर.

त्यांनी टेबलावरून हात फिरवला. “तू लिहिलंस?”

“हो.”

“‘आम्हांला’वर अनुस्वार दिलास?”

“दिला.”

“ते वाक्य परत वाच.” मी वाचलं. त्यांनी मान हलवली. “बरोबर आहे. इथे ‘आम्ही’च हवं. ‘आपण’ चुकलं असतं.”

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. मी सांगून टाकलं, की हात वर करणाऱ्यांत मी होते, की माझ्या आईचा नंबर होता. आणि म्हटलं, मी येईन. मी स्वतः येईन, मंगळवार-शुक्रवार, शाळा सुटल्यावर.

“नको,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “मी उपकार मागितले नव्हते, उल्का. नंबर मागितला होता.”

दुसरं काही सुचेना म्हणून मी उठून आधण ठेवलं. त्यांच्या घरातलं सगळं मला ठाऊक होतं, साखर कुठे, आलं कुठे. दोन कप केले. एक त्यांच्या हाताजवळ सरकवला, कपाचा कान उजवीकडे करून, त्यांना सापडेल असा. आणि म्हटलं, “हानाताई, आपण चहा घेऊया.”

त्यांनी बोटांनी कप चाचपला आणि हळूच माझ्या बाजूला परत सरकवला.

“तुम्ही घ्या,” त्या म्हणाल्या.

वीस वर्षं त्या मला ‘तू’ म्हणत आल्या होत्या. मी थांबले, त्या सुधारतील म्हणून. पण मराठीतली ती एक चूक सोडली, तर त्यांनी कधी काही चुकवलं नव्हतं, आणि तीही सासूबाईंनी केव्हाच दुरुस्त केली होती. मी एकटीने चहा प्यायले. त्या समोर नुसत्या बसून राहिल्या.